साखरेआडचे आम्ल

१८७४ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात वैद्यकाचे प्राध्यापक असलेल्या आडोल्फ कुसमाउल यांनी मधुमेहावर एक लांबलचक लेख प्रसिद्ध केला. लेख कशाबद्दल आहे हे त्यांनी मथळ्यातच सांगून टाकले होते : मधुमेह्यांमधली मरणाची एक विलक्षण तऱ्हा. मधुमेही झिजून मरतो, क्षयाने मरतो, पाय सडून मरतो, हे तोवर डॉक्टरांच्या अंगवळणी पडले होते. कुसमाउलांनी पाहिलेले तीन रुग्ण मात्र निराळ्याच वाटेने गेले. आधी पोटदुखी, तगमग, बेचैनी. मग अंगात हात उचलण्याचेही त्राण नाही, आवाज खोल गेलेला, नाडी बारीक आणि वेगात, हातपाय गार पडत चाललेले. आणि छाती मात्र भात्यासारखी चालू. श्वास खोल, मोठा, एकसारखा. शेवटी बेशुद्धी, आणि मृत्यू.

कुसमाउलांना यातली विसंगती खटकली. श्वासनलिकेत अडथळा असेल तर माणूस घरघरतो, मानेच्या शिरा ताणल्या जातात, ओठ निळे पडतात. इथे तसे काहीच नव्हते. हवा बिनबोभाट आत जात होती, छातीला कान लावला तर फुप्फुसे स्वच्छ, ओठांवर निळसर छटा नाही. तरीही मरणाच्या दारातला, एरवी कुशीवरही न वळू शकणारा माणूस धावून आल्यासारखा श्वास घेत होता. दुबळेपणा आणि श्वासाचा जोर यांतली ही तफावत हीच या अवस्थेची खूण आहे, हे त्यांनी लिहून ठेवले. तेव्हा त्यांनी त्याला ‘मोठा श्वास’ म्हटले. आज जगभरचे वैद्यकीय विद्यार्थी त्याला त्यांच्याच नावाने ओळखतात.

हा गृहस्थ मोठा नमुनेदार होता. तलवारी गिळण्याचे खेळ करणाऱ्या एका माणसाच्या घशातून सरळ नळी उतरवून त्याने पोटात डोकावून पाहिले होते, आणि मित्राबरोबर केलेल्या विडंबनातून ‘बीडरमायर’ हे नाव जर्मन संस्कृतीतल्या एका सबंध कालखंडाला चिकटवून दिले होते. निरीक्षण हा त्याचा पिंड. मधुमेही रुग्णाच्या खाटेपाशी त्याने साखरेकडे न पाहता श्वासाकडे पाहिले, हे मला त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. कारण मधुमेहाच्या बाबतीत सगळ्यांची नजर हजारो वर्षे साखरेवरच खिळलेली होती. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत गोड मूत्राचा आणि त्याकडे धावणाऱ्या मुंग्यांचा उल्लेख आहे. लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी १७७६ मध्ये रुग्णाची लघवी आटवून तळाशी राहिलेली साखर दाखवून दिली होती. साखर दिसत होती, चाखता येत होती, मोजता येऊ लागली होती. पण ज्या अवस्थेला आपण आज डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस म्हणतो, तिच्यात माणूस मरतो तो प्रामुख्याने दुसऱ्याच गोष्टींनी : रक्तात साठलेल्या आम्लाने, अंगातून वाहून गेलेल्या पाण्याने आणि पोटॅशियमच्या चढउताराने. हे उलगडायला कुसमाउलांनंतर जवळजवळ शंभर वर्षे लागली. त्यांतली शेवटची पन्नास तर इन्सुलिन हातात आल्यानंतरची आहेत.

कुसमाउलांचा स्वतःचा संशय अ‍ॅसिटोनवर होता, आणि तो अगदीच निराधार नव्हता. प्रागच्या विल्हेल्म पेटर्स यांना १८५७ मध्ये एका मधुमेही रुग्णाच्या लघवीत अ‍ॅसिटोन सापडले होते. १८६५ मध्ये कार्ल गेरहार्ट यांनी दाखवले, की अशा रुग्णांच्या लघवीत फेरिक क्लोराइड घातले की ती लालभडक होते. रुग्णाच्या तोंडाला येणारा तो गोडसर, नासत चाललेल्या फळांचा वासही अ‍ॅसिटोनचाच. नेलपॉलिश काढायच्या द्रवात असते तेच द्रव्य. (हा वास सगळ्यांनाच येतो असे नाही. काही डॉक्टरांना तो दारातूनच कळतो, काहींना नाक जवळ नेऊनही कळत नाही.) पण अ‍ॅसिटोन हे विष म्हणून फार दुबळे निघाले. जनावरांना ते बऱ्यापैकी दिले तरी तो मोठा श्वास काही उमटेना.

धागा सापडला तो स्ट्रासबुर्गमध्ये, सशांवरच्या प्रयोगांत. १८७७ साली श्मीडेबर्ग यांच्या प्रयोगशाळेत फ्रीडरिश वाल्टर यांनी सशांना हायड्रोक्लोरिक आम्ल पाजले. ससे धापा टाकू लागले, मग मलूल झाले, आणि मरणार इतक्यात शिरेतून सोडा दिल्यावर उठून बसले. मधुमेही माणसाचा श्वास आणि आम्ल पाजलेल्या सशाचा श्वास एकच दिसतो, मग मधुमेह्याच्या रक्तातही आम्लच साठत असेल का? क्योनिग्सबर्गला बर्नहार्ड नाउनिन यांच्या हाताखाली हा प्रश्न पुढे गेला. मधुमेह्यांच्या लघवीत अमोनिया बेसुमार जातो, म्हणजे शरीर कुठलेतरी आम्ल मारण्यासाठी आपल्याजवळचा अल्क खर्चून बसले आहे, हे आधी कळले. १८८३ मध्ये एर्न्स्ट श्टाडेलमान यांनी ते आम्ल जवळजवळ पकडले, पण त्याची ओळख चुकली. पुढच्याच वर्षी ऑस्कर मिन्कोव्स्की यांनी, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे मारबुर्गच्या एडुआर्ड क्यूल्झ यांनी, त्याचे खरे रूप ओळखले : बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरिक आम्ल. नाव जिभेवर बसायला अवघड आहे, पण ते लक्षात ठेवलेले बरे.

मोठ्या श्वासाचा अर्थ आता लागला. रक्तात आम्ल वाढले की शरीर ते बाहेर टाकायला सर्वांत जवळची वाट धरते. कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे भराभर फेकून ते रक्ताची आम्लता उतरवू पाहते. फुप्फुसांना काहीही झालेले नसताना माणूस धापतो तो यासाठी.

आम्ल आहे म्हटल्यावर उतारा सोड्याचा, हे ओघानेच आले. पुढची तीस-चाळीस वर्षे युरोपातले डॉक्टर कोमात चाललेल्या मधुमेह्यांना तोंडाने आणि शिरेवाटे सोडा देत राहिले. काही रुग्ण डोळे उघडत, ओळख देत, नातेवाइकांशी चार शब्द बोलतही. आणि काही तासांनी किंवा दिवसांनी पुन्हा त्याच श्वासाला लागत. साठलेले आम्ल सोडा मारत होता, पण नवे आम्ल तयार होणे थांबत नव्हते. ते का तयार होते हे १८८९ मध्ये कळू लागले, तेही स्ट्रासबुर्गलाच. मधल्या काळात स्ट्रासबुर्गला गेलेले कुसमाउल तिथल्या गादीवरून निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी नाउनिन आले आणि त्यांच्याबरोबर मिन्कोव्स्की. तिथे योसेफ फॉन मेरिंग यांच्या जोडीने त्यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, आणि कुत्र्याला मधुमेह झाला. म्हणजे स्वादुपिंडातून असे काहीतरी येते, ज्यावाचून शरीराला साखर वापरता येत नाही. साखर वापरता आली नाही की शरीर चरबी जाळायला काढते; ती यकृतात पोचते आणि तिथे तिची ही आम्ले बनतात. रक्त साखरेने तुडुंब, आणि पेशी उपाशी.

स्वादुपिंडातले ते ‘काहीतरी’ हाती येईपर्यंत काय करायचे? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेडरिक अ‍ॅलन यांनी १९१४-१५ च्या सुमारास कठोर उत्तर दिले : उपाशी ठेवायचे. लघवीतली साखर आणि कीटोन, म्हणजे अ‍ॅसिटोन आणि चरबीची ती आम्ले, जाईपर्यंत लंघन, मग मोजूनमापून इतकेच अन्न की ती दोन्ही परतू नयेत. बोस्टनच्या इलियट जॉस्लिन यांनीही हा मार्ग धरला. मुले कोमाने लगेच मरेनाशी झाली, हे खरे. ती हाडांच्या सापळ्यासारखी होऊन वर्ष-दोन वर्षे जगू लागली. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची मुलगी एलिझाबेथ १९२२ च्या उन्हाळ्यात टोरांटोला पोचली तेव्हा पंधरा वर्षांची होत आली होती, आणि तिचे वजन होते जेमतेम वीस किलो. अ‍ॅलन यांना पुष्कळांनी क्रूर ठरवले आहे. मला ते अन्यायाचे वाटते. त्यांच्या उपासाने तग धरलेली मुलेच पुढे इन्सुलिन मिळेपर्यंत जगली, आणि एलिझाबेथ त्यांतलीच. ती १९८१ पर्यंत जगली.

टोरांटोची कहाणी बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेली असते. फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट, मॅक्लाउड यांची प्रयोगशाळा, १९२१ चा उन्हाळा, कुत्री. तिच्यातला एक बारकावा मात्र निसटून जातो. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो जनरल हॉस्पिटलमध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडाच्या अर्काचे पहिले इंजेक्शन दिले गेले. तपकिरी, गढूळ द्रव. दोन्ही कुल्ल्यांत मिळून १५ मिलिलिटर. रक्तातली साखर ४४० वरून ३२० वर आली. पाव भागाने उतरली म्हणजे काही कमी नव्हे, पण लघवीतले कीटोन जसेच्या तसे राहिले, मुलगा तसाच सुस्त पडून राहिला, इंजेक्शनच्या जागी गळू झाले, आणि डॉक्टरांनी तो प्रयोग थांबवला. मग जेम्स कॉलिप या रसायनतज्ज्ञाने अर्क शुद्ध करण्याची रीत बसवली. २३ जानेवारीपासून लेनर्डला त्याचा अर्क मिळू लागला. या वेळी साखर तर उतरलीच, कीटोनही नाहीसे झाले. मुलगा तरतरीत झाला. उपचार लागू पडला असे म्हणण्याचा आधार साखरेइतकाच, किंबहुना साखरेहून जास्त, त्या कीटोनच्या नाहीसे होण्यात होता. मार्चमध्ये कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. लेनर्ड पुढे तेरा वर्षे जगला.

एक गोष्ट नेहमी सांगितली जाते : कोमातल्या मुलांनी भरलेला मोठा वॉर्ड, खाटेशेजारी रडणारे आईबाप, बँटिंग आणि त्यांचे सहकारी एकेका खाटेपाशी इंजेक्शन देत निघाले आहेत, आणि शेवटच्या मुलापर्यंत पोचेस्तोवर पहिले मूल उठून बसते. गोष्ट सुंदर आहे, पण कीटोअ‍ॅसिडोसिसचा रुग्ण अशा रीतीने मिनिटांत उठून बसत नाही. त्याला तास लागतात, कधी दीड-दोन दिवस. त्या वर्षी खरे घडले ते असे, की ऑक्टोबरमध्ये टोरांटोच्या मुलांच्या इस्पितळात एक अकरा वर्षांची मुलगी गाढ कोमात आली आणि इन्सुलिनवर शुद्धीत आली. तोवर अशा कोमातून मूल परत येणे जवळजवळ अशक्य समजले जाई.

जॉस्लिन आपल्या रुग्णांच्या बारीकसारीक नोंदी ठेवत. १८९८ ते १९१४ या काळात त्यांचे जे मधुमेही दगावले, त्यांतले सुमारे ६४ टक्के कोमाने गेले होते. इन्सुलिननंतर, १९३० च्या दशकापर्यंत हा आकडा दहा टक्क्यांच्या आत आला. इतिहासाच्या बहुतेक पुस्तकांत कीटोअ‍ॅसिडोसिसचे प्रकरण इथेच मिटवलेले असते. पण चालत-बोलत नव्हे, कोमात स्ट्रेचरवरून आलेल्या रुग्णांचे काय झाले ते पाहिले, तर इन्सुलिन टोचूनही त्यांतले बरेच जण मरत होते. साखर उतरत होती, लघवीतले कीटोन विरळ होत होते, आणि नेमक्या त्याच वेळी, दुसऱ्या दिवशी सकाळी वगैरे, माणूस जात होता.

पहिली उणीव होती पाण्याची. साखर लघवीवाटे जाताना आपल्याबरोबर पाणी आणि मीठ ओढून नेते, वर उलट्या. मोठ्या माणसाच्या अंगातून अशा वेळी पाच-सहा लिटर पाणी गेलेले असते. गेलेले पाणी शिरेतून भरून काढायची युक्ती काही नवी नव्हती. १८३२ मध्ये कॉलराच्या साथीत विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने रुग्णांच्या रक्तातून पाणी, मीठ आणि अल्क गेल्याचे दाखवले होते, आणि त्यावरून स्कॉटलंडमधल्या लीथच्या थॉमस लॅटा यांनी मरणासन्न रुग्णांच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले होते. ओशॉनेसी नंतर कलकत्त्याला आले आणि हिंदुस्थानात तारायंत्राच्या तारा ओढण्यात रमले; ती युक्ती युरोपात बाजूला पडली. कलकत्त्यातच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लेनर्ड रॉजर्स यांनी कॉलऱ्यासाठी सलाइन पुन्हा रुळवले. मधुमेहाच्या डॉक्टरांनी मात्र ‘आधी पाणी’ हे शहाणपण फार सावकाश उचलले. अपवाद जॉस्लिन यांच्या बोस्टनच्या पथकाचा. त्याने ते लवकर उचलले, आणि सोडा सोडून दिला. आज तर पहिल्या तासातले सलाइन एकटेच रक्तातली साखर बरीच उतरवते, हे हाउसमनसुद्धा जाणतो.

दुसरी उणीव ओळखायला एक धाडसी प्रयोग कारणी लागला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डाना अ‍ॅचली, रॉबर्ट लोब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन मधुमेही रुग्णांचे इन्सुलिन देखरेखीखाली बंद केले. खाल्लेला घास, प्यालेले पाणी, गेलेली लघवी यांचा पै-पैचा हिशेब ठेवला, रुग्ण आम्लतेकडे सरकू लागल्यावर इन्सुलिन पुन्हा सुरू केले, आणि तोही हिशेब मांडला. आज असा प्रयोग मांडायचा तर नैतिकता समितीपुढे बरीच उत्तरे द्यावी लागतील. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधातून दिसले, की आम्लतेच्या वाटेवर शरीरातून सोडियमच नव्हे, पोटॅशियमही मोठ्या प्रमाणात वाहून जाते. त्याचा अर्थ खाटेपाशी लागायला आणखी तेरा वर्षे जावी लागली.

१९४६ मध्ये जेकब हॉलर यांनी एका रुग्णाची हकिगत छापली. इन्सुलिन आणि सलाइन चालू होते, आम्लता सुधारत होती, सगळे ठीक चालले होते. मग हातपाय लुळे पडू लागले, श्वासाचे स्नायू थकले, आणि रुग्णाला पोलिओच्या रुग्णांसाठी असलेल्या लोखंडी फुप्फुसाच्या यंत्रात ठेवावे लागले. रक्तातले पोटॅशियम तळाला गेले होते. ते देताच रुग्ण सावरला.

म्हणजे घडत होते ते असे. आम्लतेत पोटॅशियम पेशींतून बाहेर येऊन रक्तात तरंगत असते. लघवीतून ते जात असते, पण रक्तात मोजले तर ठीकठाक किंवा जास्तच दिसते. इन्सुलिन दिले की ते झपाट्याने पेशींत परत शिरते, आणि रक्तातली पातळी इतकी घसरते की स्नायू लुळे पडतात, हृदय थांबते. दुसऱ्या दिवशी सकाळी जाणारे ते रुग्ण आम्लाने मरत नव्हते. उपचारानेच त्यांना संपवले होते, आणि करणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता, कारण पोटॅशियम मोजायला तेव्हा किचकट रसायनकाम करावे लागे आणि निकाल येईपर्यंत रुग्ण राहत नसे. १९४० च्या दशकाच्या शेवटी फ्लेम फोटोमीटर इस्पितळांत आला आणि तासाभरात आकडा हाती पडू लागला. ईसीजीवरच्या चपट्या होत जाणाऱ्या लाटाही डॉक्टर वाचू लागले. आज नियम असा आहे, की पोटॅशियम ३.५ च्या खाली असेल तर इन्सुलिन थांबवून आधी पोटॅशियम द्यायचे. नवख्या निवासी डॉक्टरला हा नियम उलटा वाटतो. साखर ५०० आणि इन्सुलिन थांबवायचे?

तरी इन्सुलिन किती द्यायचे हा प्रश्न उरलाच होता. आम्लता असली की शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून ते भरपूर द्या, असा समज पक्का झाला होता. १९४९ साली बर्मिंगहॅमच्या दोन डॉक्टरांनी १७० रुग्णांचा अनुभव मांडून भरघोस डोसाची बाजू घेतली. पहिल्या काही तासांत शेकडो युनिट देण्याची पद्धत पडली. रुग्ण वाचण्याचे प्रमाण सुधारत होते, त्यामुळे कुणी तिला हात लावला नाही. पण सुधारणेत सलाइनचा, पेनिसिलिनचा, पोटॅशियमचा वाटा किती आणि इन्सुलिनच्या त्या पुराचा किती, हे वेगळे करून कुणी पाहिलेले नव्हते.

ते पाहणे शक्य झाले इन्सुलिन रक्तात मोजता आल्यावर. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६० मध्ये त्याची रीत दिली (यॅलो यांना १९७७ चे नोबेल त्यासाठी मिळाले, बर्सन तोवर वारले होते). शिरेतून दिलेले इन्सुलिन काही मिनिटांतच निम्म्याने उतरते, आणि यकृतात चरबीची आम्ले बनणे थांबवायला अगदी थोडके इन्सुलिन पुरते, फक्त ते सतत हवे, असे दिसू लागले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये पीटर सॉन्क्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सावकाश ठिबकणाऱ्या इन्सुलिनची बाजू मांडली. १९७३ मध्ये ऑक्सफर्डच्या जॉर्ज अल्बर्टी, हॉकडे आणि टर्नर यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले, की ताशी ५ ते १० युनिट स्नायूत टोचूनही रुग्ण बरे होतात. वाचणाऱ्या अनेकांना ते हातचलाखीसारखे वाटले असणार. तीन वर्षांनी अमेरिकेत मेम्फिस इथे, जन्माने इराणी असलेल्या अब्बास किताबची यांनी ४८ रुग्ण दोन गटांत वाटून थोड्या आणि भरघोस डोसांची समोरासमोर तुलना केली. बरे व्हायला दोन्ही गटांना सारखाच वेळ लागला. मात्र भरघोस गटात साखर एकदम कोसळण्याचे आणि पोटॅशियम उतरण्याचे प्रकार जास्त झाले. अर्धशतक ज्याला जोर समजले जात होते, तो निव्वळ अपव्यय होता आणि वर धोकाही. आजची ठरलेली मात्रा किलोला ताशी ०.१ युनिट. साठ किलोच्या माणसाला तासाला सहा.

त्याच सुमारास आणखी एक उलटी वाटणारी गोष्ट रूढ झाली. साखर २५० च्या आसपास आली की सलाइनमध्ये ग्लुकोज मिसळायचे आणि इन्सुलिन चालूच ठेवायचे. नातेवाईक चक्रावतात : शुगर वाढली म्हणून आणले आणि तुम्ही साखरेची बाटली लावता? पण साखर लवकर उतरते, आम्ल उशिरा. आम्ल उतरेपर्यंत इन्सुलिन हवे, आणि तोवर साखर कोसळू नये म्हणून ती बाटली. साखर ठीक दिसली म्हणून इन्सुलिन बंद केल्याने रुग्ण पुन्हा त्याच श्वासावर आल्याच्या कथा प्रत्येक अतिदक्षता विभागात ऐकायला मिळतात.

मुलांच्या बाबतीत एक भीती उरली : उपचार चालू असताना मेंदूला सूज. शंभर मुलांत एखाद्यालाच ती येते, पण आली की घात करते. सलाइन घाईने दिल्याने ती येते असे मानून बालरोगतज्ज्ञ कितीतरी वर्षे थेंब मोजत बसले. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या १३ केंद्रांवरच्या १,३८९ प्रसंगांचा मोठा अभ्यास छापून आला. सलाइन जलद द्या की सावकाश, मेंदूच्या इजेत फरक आढळला नाही. सोड्याचे मात्र नाव या बाबतीत आधीच खराब झाले होते. २००१ च्या एका अभ्यासात सोडा दिलेल्या मुलांत मेंदूची सूज अधिक दिसली. वाल्टर यांच्या सशांना उठवणारा तो सोडा आता अगदी टोकाची आम्लता असेल तरच बाहेर निघतो.

हे सगळे इस्पितळात पोचल्यानंतरचे. पोचण्याआधीच्या इतिहासात मला सर्वांत आवडते ते इटलीतल्या पार्माचे पान. १९९१ पासून तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी प्रांतातल्या शाळांत भित्तिपत्रके लावली. त्यांवर फार काही नव्हते : एवढी तहान का, एवढी लघवी का, मोठे झालेले मूल पुन्हा अंथरूण का ओले करते? शिक्षकांना समजावले, डॉक्टरांना साखर मोजायची साधने दिली. नव्याने मधुमेह निघालेल्या मुलांत कीटोअ‍ॅसिडोसिसपर्यंत पोचलेल्यांचे प्रमाण पूर्वी ७८ टक्के होते. पुढच्या काही वर्षांत ते १२.५ टक्क्यांवर आले. शेजारच्या ज्या प्रांतांत भित्तिपत्रके नव्हती, तिथे ते ८० टक्क्यांच्या वरच राहिले. आपल्याकडे अशी मुले अजूनही ‘पोट बिघडलंय’, ‘अपेंडिक्स असेल’, ‘छातीत कफ झालाय’ अशा दारांवरून फिरत येतात. आणि ज्यांचा मधुमेह ठाऊक आहे त्यांच्या घरी तापात हमखास होणारी चूक एकच : पोर काही खात नाही, उलट्या करतेय, मग आज इंजेक्शन कशाला? आजारपणात शरीराची इन्सुलिनची गरज वाढते. इन्सुलिनवर जगणाऱ्या मुलाचे इन्सुलिन पूर्ण बंद करायचे नसते, अन्न बंद झाले तरी.

साखरेवर नजर खिळवण्यातला धोका अलीकडे नव्या वाटेने परतला आहे. साखर फारशी न वाढताही कीटोअ‍ॅसिडोसिस होतो, हे एडिंबरोच्या डॉक्टरांनी १९७३ मध्येच नोंदवले होते. त्यांनी पाहिलेल्या २११ प्रसंगांपैकी ३७ असे होते. तेव्हा ते अपवाद म्हणून बाजूला ठेवले गेले. पुढे ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या आल्या, ज्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्यांचा फायदा खरा आहे. पण मे २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला, की या गोळ्या घेणाऱ्या काहींना कीटोअ‍ॅसिडोसिस होतो आणि तेव्हा रक्तातली साखर फारशी वाढलेली नसते. आपल्याकडे डॅपाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये संपले, एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये. गोळ्या स्वस्त झाल्या आणि गावोगावच्या चिठ्ठ्यांवर आल्या. शस्त्रक्रियेआधी तीन दिवस त्या थांबवायच्या असतात. कडक उपवासात, जुलाब-उलट्यांत, जेवण तुटल्यावर त्या चालू ठेवाव्यात का, हे डॉक्टरला विचारायचे असते.

२०२४ मध्ये अमेरिका आणि युरोपच्या मधुमेह संघटनांनी मिळून निदानाच्या कसोट्या बदलल्या. साखरेची अट २५० वरून २०० वर आणली, आणि रुग्ण आधीपासून मधुमेही असेल तर साखरेच्या आकड्याची गरजच ठेवली नाही. भर दिला तो रक्तातल्या बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेटवर, म्हणजे मिन्कोव्स्की आणि क्यूल्झ यांच्या त्या आम्लावर. ते ३ किंवा अधिक, आणि जोडीला रक्ताची आम्लता. लघवीच्या पट्टीला हे आम्ल दिसतच नाही, ती त्याच्या भावंडाला रंग देते. त्यामुळे रुग्ण सुधारत असताना पट्टी कधीकधी अधिक गडद होते आणि फसवते. बोटातून थेंबभर रक्त घेऊन हे आम्ल थेट मोजणारी छोटी यंत्रे निघाली आहेत. ग्लुकोमीटरवर १८० दिसत असले तरी उलट्या, पोटदुखी आणि धाप असेल तर कीटोन मोजा, असे ग्लिफ्लोझिनच्या गोळ्या घेणाऱ्यांना सांगितले जाते. तालुक्याच्या ठिकाणी औषधाच्या दुकानात साखरेच्या पट्ट्या चार प्रकारच्या मिळतात. कीटोनच्या बहुधा मागवून घ्याव्या लागतात.